हेलिकॉप्टर कधी मागवायचं

अरे, पहिल्यांदाच उत्तराखंडला ग्रुप नेतोयस ना, मग हे आधी डोक्यात पक्कं कर. मनगट मोडलं, पाय मुरगळला, पण माणूस शुद्धीवर आहे आणि श्वास नीट चालूय, तर स्प्लिंट (हाड हलू नये म्हणून आधाराची पट्टी) बांध आणि स्ट्रेचरवर नाहीतर खेचरावर खाली आण, रस्त्याला १०८ मिळते. पण डोक्याला मार लागून गुंगी येतेय, पोटात रक्तस्राव वाटतोय, किंवा मणक्याला लागून पाय हलत नाहीयेत आणि रस्ता कित्येक तास लांब आहे, तिथे अजिबात कचरू नकोस, लगेच हेलिकॉप्टर माग. २०२४ मध्ये एम्स ऋषिकेशची संजीवनी हेली ॲम्ब्युलन्स सुरू झाली, तरी डोंगरात ढग उतरले की उड्डाण होत नाही, म्हणून नुसत्या भरवशावर बसू नकोस, स्ट्रेचर आणि माणसं तयार ठेवच. छातीला मार असेल तर डॉक्टरला आधीच सांग, फुफ्फुसाबाहेर अडकलेली हवा उंचीवर फुगते आणि ते फार घातक आहे रे. आणि हेलिकॉप्टर उतरलं की सगळे धावतात, त्यांना थांबव! पायलटने खूण केल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही, शेपटीकडून तर कधीच नाही.