रोज डायरी लिहिणं तब्येतीला चांगलं की वाईट?

तुम्ही विचारलंय की मुलगी कॉलेजात आहे, रोज रात्री डायरी लिहिते, तिचं डोकं दुखतं, झोपही नीट लागत नाही, तर डायरी बंद करायला लावू का. नका लावू. प्रश्न वाचून माझं डोकं जरा सटकलंच, कारण हेच मी बडोद्याला आमच्या घरी वर्षानुवर्षं ऐकलंय, फक्त तेव्हा डायरी माझी होती आणि बोलणाऱ्या आमच्या मोठ्या जाऊबाई.

दांडिया बाजारात आमचं एकत्र घर. दिरांचं एलआयसीचं काम, त्यामुळे जानेवारीत घरात डायऱ्यांचा ढीग. बाकीचे त्यात दुधाचा हिशेब लिहायचे, मी रात्री ओटा आवरला की माझं चार ओळी लिहायचे. आणि मला मायग्रेन. झालं, ताईंनी दोन्हींची सांगड घातली, "लिहून लिहून डोकं पिकवून घेते आणि मग दिवसभर पडून राहते." त्यात 2004 साली पेपरात बातमी आली की ब्रिटनमधल्या संशोधकांनी कॉलेजच्या मुलांची पाहणी केली, तर नियमित डायरी लिहिणाऱ्यांमध्ये डोकेदुखी, निद्रानाश, पोटाच्या तक्रारी न लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त निघाल्या. मग काय, चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचन!

अहो पण अशा पाहणीतून आधी आजार की आधी डायरी हे कळतच नाही. ज्याला झोप नाही तोच रात्री वही काढून बसणार ना, पडल्या पडल्या घोरणारा कशाला बसेल? हे मी तेव्हाही म्हटलं होतं, पण धाकट्या सुनेचं ऐकतंय कोण.

पुढे दुखणं फारच वाढलं तेव्हा न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो, ताई सोबत होत्याच. डॉक्टरांनी विचारलं किती वेळा दुखतं, तर माझ्या आधी ताईच म्हणाल्या, रोजच, रात्री जागून लिहिते ना. मी पर्समधून डायरी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर पानं उलटत गेले आणि पेनने एकेका ठिकाणी गोल करत गेले. उत्तरायणचं, म्हणजे तिकडच्या पतंगाच्या संक्रांतीचं, पान मला अजून पाठ आहे. "सकाळपासून अगाशीवर (गच्चीवर). ऊन. स्पीकर. पोटात फक्त चिक्की. चारला डावी बाजू सुरू. ताईंनी गोळी दिली. आठला परत एक." डॉक्टरांनी गोल केले ते डोकेदुखीला नाही, गोळ्यांना! साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, दोन-तीन औषधं एकत्र असलेली 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळ्याच डोकेदुखी वाढवतात आणि माणूस त्यावर अजून गोळ्या घेतो. माझ्या डायरीत निम्म्याहून जास्त पानांवर गोळी होती. या गोळ्या येतात कुठून, डॉक्टरांनी विचारलं. ताईंच्या कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यातून, मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी कोण मागतंय. ताई तोपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या होत्या.

गोळ्या सोडल्यावर सुरुवातीचे दिवस भयंकर गेले, आधीपेक्षा जास्त दुखलं, हळूहळू कमी झालं. डायरी मात्र चालूच राहिली.

आता तुमच्या मुलीचं. लिहिण्याचा उपयोग होतो यावर अमेरिकेत पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये प्रयोग केला होता, विद्यार्थ्यांना चार दिवस रोज 15 मिनिटं मनाला लागलेल्या गोष्टीवर लिहायला लावलं. घटना आणि त्याबद्दल काय वाटलं असं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहून उठल्या उठल्या ती मुलं आणखी उदास होती, हे कोणी सांगत नाही. म्हणजे तुमची मुलगी अंथरुणात बसून रडगाणं लिहून लगेच दिवा मालवत असेल तर झोप कशी येईल? संध्याकाळी लिही म्हणावं. झोपताना लिहायचंच तर उद्याच्या कामांची यादी लिहावी, 2018 च्या एका प्रयोगात अशी यादी करणाऱ्यांना झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली होती. आणि महिनोन् महिने त्याच मैत्रिणीचं तेच भांडण उगाळत असेल तर मात्र ते बरं नाही, तिथे ताईंचं थोडं बरोबर आहे, थोडंच.

गंमत सांगते, ताईंना आता बीपी आहे आणि डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळचं रीडिंग लिहून ठेवायला सांगितलंय. एलआयसीच्याच डायरीत लिहितात. मी हसले तर म्हणाल्या, ही डायरी नाही, रजिस्टर आहे. बरं.

तिची डायरी चोरून वाचू नका, वाचलीत तर ती खरं लिहिणंच बंद करेल. त्यापेक्षा ती महिन्यात किती गोळ्या घेते ते सरळ विचारा. माझ्यासारखं निघालं तर गोळ्या एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नका, काही औषधं हळूहळूच सोडावी लागतात, डॉक्टरांना दाखवा. डोकेदुखी अचानक खूप जोरात आली किंवा सोबत ताप, मान आखडणं, बोलणं अडखळणं असलं काही असेल तर डायरी-बियरी राहू दे, सरळ हॉस्पिटल. आणि जगण्यात अर्थ नाही असं ती बोलायला लागली तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो.