वेब टेस्टिंग टूलवर उपयोगी पडेल असा फीडबॅक कसा द्यायचा?

तुम्ही विचारलंय की ऑफिसात नवीन वेब टेस्टिंग टूल (म्हणजे साइटवर आपल्याऐवजी क्लिक करून ती नीट चालते का ते तपासणारं सॉफ्टवेअर) ट्रायलवर आलंय, बनवणारे फीडबॅक मागतायत, आणि कोडिंग फारसं येत नसताना काय लिहून पाठवायचं. मी पणजीत पाटोला एका लहान कंपनीत टेस्टर आहे, होमस्टेवाल्यांच्या बुकिंग साइट तपासते. सुरुवातीला मलाही कोडिंग येत नव्हतं. त्याची गरज कमीच पडते, तुमच्याकडे जे बिघडलं ते समोरच्याला त्याच्या मशीनवर बिघडवून बघता आलं पाहिजे, बास.

माझंच सांगते. एका साइटवर 'दुसऱ्या दिवसाचं बुकिंग' असं बटण होतं, टूलला सांगितलं हा मजकूर शोधून क्लिक कर, तर टूल म्हणे असं काही नाहीच. बटण तर समोर दिसतंय! मी तावातावात लिहिलं, तुमचं टूल मराठीत चालत नाही. चार दिवसांनी उत्तर आलं की आमच्याकडे मराठी नीट चालतंय, आणि तक्रार बंद. आता वाटतं त्यांचा तरी काय दोष, त्यांनी कुठलातरी दुसरा मराठी शब्द टाकून बघितला असणार, मी बटणावरचा मजकूरसुद्धा कळवला नव्हता.

मग मी अख्खी साइट बाजूला ठेवून एका कोऱ्या एचटीएमएल पानावर फक्त ते बटण ठेवलं, तरी सापडेना. एकेक शब्द काढत गेले, 'बुकिंग' सापडतं, 'दिवसाचं' सापडतं, 'दुसऱ्या' आलं की अडतं. तेव्हा कळलं की हा 'ऱ्या' दिसायला एकच असला तरी आत वेगवेगळा लिहिलेला असू शकतो. एक म्हणजे युनिकोडचा (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला नंबर देणारी पद्धत) स्वतंत्र ऱ (०९३१) आणि हलन्त, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्याच्या मागून झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं, डोळ्यांना न दिसणारं चिन्ह. साइटवरचा मजकूर क्लायंटच्या वर्ड फाइलमधून पेस्ट केलेला, त्यात दुसरा प्रकार, माझ्या कीबोर्डवरून पहिला येत होता, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळं लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करणं) केलं तरी हे दोन एक होत नाहीत. म्हणजे टूल चुकत नव्हतं, पण नुसतं 'सापडलं नाही' म्हणून गप्प बसत होतं. मी परत लिहिलं, दहा ओळींचं ते पान जोडलं, काय शोधलं, काय अपेक्षित होतं, काय आलं ते तीन वाक्यांत, आणि मिळताजुळता मजकूर असेल तर एररमध्ये दाखवा अशी विनंती केली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं आणि पुढच्या एका व्हर्जनमध्ये ती सोय पण आली. तेच टूल, तीच अडचण, फरक फक्त त्या पानाचा.

टूलचं व्हर्जन, ब्राउझर आणि त्याचं व्हर्जन, विंडोज की लिनक्स हे लिहाच, आणि ब्राउझर समोर उघडा होता की हेडलेस, म्हणजे खिडकी न दाखवता मागच्या मागे चालणारा, तेही. टेस्ट चालते त्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसला की स्क्रीनशॉटमध्ये अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात आणि आपण टूलला नावं ठेवत बसतो. टेस्ट किती वाजता चालवली तेही लिहा. बरेच सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतात, आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे आमची चेक-इनच्या तारखेची एक टेस्ट रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या मध्ये चालवली तरच पडायची, सर्व्हरवर तेव्हा कालचीच तारीख असते ना.

'कधीकधी फेल होते' असं मात्र लिहू नका, वीस वेळा चालवा आणि वीसपैकी कितीदा पडली तो आकडा द्या. प्लेराइट या टेस्टिंग टूलमध्ये त्यासाठी रिपीट-ईच हा पर्याय आहे, तुमच्या टूलमध्ये नसेल तर हाताने चालवा, वेळ जातो पण जाऊ दे.

काही मागायचं असेल तर उपायाच्या आधी अडचण सांगा. मी एकदा 'पाच सेकंद थांबायचं बटण द्या' म्हणून मागितलं होतं, खरी अडचण ही होती की कॅलेंडर सरकत उघडतं आणि ते थांबायच्या आत क्लिक पडतो. प्लेराइट क्लिक करण्याआधी ती गोष्ट दिसतेय का, स्थिर आहे का, चालू आहे का हे स्वतः बघतं, सेलेनियम या दुसऱ्या टूलमध्ये कशासाठी थांबायचं ते बहुतेक वेळा आपल्यालाच सांगावं लागतं. तुमचं टूल यातलं काय करतं ते बनवणाऱ्यांना माहीत असतं, तुमचं कॅलेंडर कसं उघडतं ते त्यांना माहीत नसतं, तेवढं कळवा.

आणि एक कळकळीने सांगते, ट्रेस (टेस्टच्या प्रत्येक पायरीची नोंद) किंवा हार फाइल (ब्राउझर आणि साइटमधल्या देवाणघेवाणीची नोंद) उघडून बघितल्याशिवाय पाठवू नका. त्यात लॉगिनच्या कुकी आणि टोकन (ज्यांच्यावर दुसरा कुणी तुमच्या नावाने आत शिरू शकतो), फॉर्ममध्ये भरलेलं सगळं असू शकतं. आपल्याकडे परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवायची असते म्हणून पासपोर्टचे नंबर साइटवर भरतात, ते असे बाहेर गेले तर फार वाईट. खोट्या नावाने नवीन बुकिंग करून तीच पायरी परत रेकॉर्ड करा.

जे आवडलं तेही लिहा, पण नेमकं. 'छान आहे' म्हणून त्यांना काही कळत नाही, 'फेल झालेल्या पायरीचा स्क्रीनशॉट तिथेच दिसतो म्हणून माझं काम लवकर होतं' असं लिहिलं तर पुढच्या बदलात ते तेवढं जपतील. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, माझंही तसंच होतं, ते दहा ओळींचं पान त्यांना बरोबर कळलं.