कॉलेजसाठी कर द्यायचा की नाही, हे कोण ठरवणार?
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

या वेळी अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या (म्हणजे कमी फीच्या, साधारण दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांच्या) करावर बरेच प्रश्न आलेत, बहुतेक कॅलिफोर्नियातून, एक टेक्सासमधून आणि एक चक्क पुण्याहून. म्हणून हा अंक याच विषयाला देतोय.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो, दोघंही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. टाउनहाऊस घेतलं आणि काउंटीचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं, तर एक टक्क्याच्या मूळ कराखाली आणखी कितीतरी ओळी, त्यात एक फूटहिल–डी अँझा कॉलेजची. मुलगी अजून किंडरगार्टनला आहे. आम्हाला मत नाही, कोणी विचारलं नाही, मग हा कर आमच्या माथी का?

तुमचा राग समजतो, पण आधी ती ओळ तिथे आली कशी ते बघू, कारण ती कुठल्या अधिकाऱ्याने मनाला आलं म्हणून टाकलेली नाही, तुमच्या आजूबाजूच्या लोकांनी मतदान करून टाकलीय.

कॅलिफोर्नियात १९७८ साली प्रपोझिशन १३ पास झालं (प्रपोझिशन किंवा मेझर म्हणजे लोकांच्या मतदानाला टाकलेला प्रस्ताव). त्याने घरावरचा मूळ कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकला, आणि ही किंमत म्हणजे आजचा बाजारभाव नाही, तुम्ही घर घेतलं तेव्हाची, वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढणारी. त्या एक टक्क्यातला थोडा वाटा कॉलेजला जातो. पण बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे कॉलेजच्या कराच्या हद्दीत) तो राज्याच्या हिशोबात धरला जातो, म्हणजे तुमच्या भागातून तो वाटा वाढला तर राज्य आपली मदत तेवढी कमी करतं, कॉलेजच्या हातात जास्तीचं काही पडत नाही. मग गळकं छप्पर, जुनी लॅब, भूकंपात टिकणार नाही अशी इमारत, यासाठी पैसा आणायचा कुठून? तर लोकांकडे जायचं, बॅलटवर प्रश्न ठेवायचा, लोक हो म्हणाले तर एक टक्क्याच्या वर जादा कर लागतो. तुमच्या बिलातली ती ओळ म्हणजे हे.

हो म्हणायचे प्रकार दोन आहेत, आणि सगळी गोम इथे आहे.

एक बाँड. कॉलेज कर्ज काढतं, बांधकाम करतं आणि घरमालक पुढची कित्येक वर्षं ते फेडतात, घराच्या नोंदलेल्या (म्हणजे वर सांगितलेल्या, बाजारभावाच्या नाही) किमतीच्या प्रमाणात. यासाठी पूर्वी दोन तृतीयांश मतं लागायची, नोव्हेंबर २००० मध्ये प्रपोझिशन ३९ ने ते ५५ टक्क्यांवर आणलं. बदल्यात अटी घातल्या: कामांची यादी आधी जाहीर करा, दर वर्षी ऑडिट करा, नागरिकांची देखरेख समिती नेमा, एका बाँडचा कर दर लाख डॉलरमागे वर्षाला २५ डॉलरच्या वर जाऊ देऊ नका, आणि या पैशातून शिक्षकांचे किंवा अधिकाऱ्यांचे पगार करायचे नाहीत.

दुसरा पार्सल टॅक्स. घर केवढंही असो, प्रत्येक प्लॉटमागे ठराविक रक्कम. या पैशातून पगार देता येतात, समुपदेशक नेमता येतात, शिकवण्या चालवता येतात. पण कॉलेज बोर्डाने तो बॅलटवर ठेवला तर दोन तृतीयांश मतं हवीत, तिथे ५५ टक्क्यांची सवलत नाही.

आता तुमच्याच डिस्ट्रिक्टमध्ये काय झालं बघा. ३ मार्च २०२० ला एकाच बॅलटवर दोन प्रश्न होते. मेझर जी म्हणजे ८९.८ कोटी डॉलरचा बाँड, अंदाजे दर लाखाला १६ डॉलर. मेझर एच म्हणजे वर्षाला ४८ डॉलरचा पार्सल टॅक्स, फक्त पाच वर्षांसाठी, चांगले शिक्षक टिकवायला आणि राहायला धड जागा नाही किंवा मानसिक आधार लागतो अशा विद्यार्थ्यांच्या मदतीला. निम्म्याहून जास्त लोक दोन्हींना हो म्हणाले. जी पास झाला, एच पडला, कारण त्याला दोन तृतीयांशचा उंबरठा ओलांडता आला नाही.

हिशोब करून बघा. समजा तुमच्या घराची नोंदलेली किंमत १५ लाख डॉलर आहे, तर बाँडचे वर्षाला साधारण २४० डॉलर झाले. पार्सल टॅक्सचे पाचही वर्षांचे मिळून २४०. म्हणजे लोकांनी नाकारलेला कर संपूर्ण मुदतीत तुम्हाला तेवढाच बसला असता जेवढा पास झालेला बाँड एका वर्षात बसतो! आणि शेजारच्या आजोबांनी घर फार पूर्वी घेतलंय, नोंदलेली किंमत तीन लाखच आहे, तर त्यांना बाँडचे ४८च डॉलर. तुमचं बिल जड वाटतं त्याचं मोठं कारण कॉलेज नाहीच, प्रपोझिशन १३ चा हा फरक आहे, नवीन आलेला जास्त भरतो, जुना कमी.

माझं मत विचाराल तर स्थानिक लोकांनी ठरवणं हे अगदी बरोबर आहे, पैसा ज्यांचा जाणार त्यांना विचारलंच पाहिजे. पण भिंतींना ५५ टक्के पुरतात आणि शिकवणाऱ्या माणसांना ६७ लागतात हा न्याय मला मान्य नाही. नवीन इमारत उभी राहते आणि आत शिकवायला अर्धवेळ प्राध्यापक, जो सोमवारी एका कॉलेजात आणि मंगळवारी पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या कॉलेजात धावतोय, त्याला ऑफिस अवर्स (विद्यार्थ्यांना भेटायची वेळ) घ्यायला धड खोली नाही. त्याच देखरेखीच्या अटी लावा, तीच मुदत घाला, पण दोन्हींसाठी उंबरठा एकच ठेवा.

आता मताचं. तुम्ही नागरिक नाही म्हणून या मतदानात तुम्हाला मत नाही, हे खरं आहे आणि टोचण्यासारखं आहे, विशेषतः ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या आपल्या लोकांना. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ मध्ये प्रपोझिशन एन पास करून नागरिक नसलेल्या पालकांना शाळा बोर्डाच्या निवडणुकीत मत दिलंय, पण ते तेवढ्यापुरतंच, कॉलेजच्या कराला लागू नाही. मत नसलं तरी तोंड मात्र आहे. कॉलेजच्या ट्रस्टींची, म्हणजे बोर्डाच्या सदस्यांची, बैठक राज्याच्या ब्राउन ॲक्ट या कायद्याप्रमाणे उघडी असते, तिथे कोणीही उठून बोलू शकतं, नागरिकत्व विचारत नाहीत. आणि एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आलेल्या आपल्याकडच्या कितीतरी मुलींनी याच डी अँझात अकाउंटिंग नाहीतर चाइल्ड डेव्हलपमेंटचे क्लास करून नंतर काम धरलंय, तेव्हा यातलं आपल्याला काहीच मिळत नाही असं समजू नका.

प्रश्न : कुपर्टिनोत तीस वर्षं झाली, आता नागरिक आहे. मुलं मोठी झाली, दोघंही थेट युनिव्हर्सिटीत गेली, कम्युनिटी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. आता रिटायर्ड आहे. पुढच्या वेळी असा कर बॅलटवर आला तर हो का म्हणावं?

काका, डोळे मिटून हो म्हणा असं मी अजिबात सांगणार नाही.

पण आधी तिथे शिकतं कोण ते बघा. राज्यात अशी ११६ कॉलेजेस आहेत, रहिवाशांना फी युनिटमागे (अभ्यासक्रम मोजायचं एकक) ४६ डॉलर. तुमचे दात साफ करणारी हायजिनिस्ट, इमर्जन्सीत धावून येणारा पॅरामेडिक, घरी येऊन बीपी बघणारी नर्स, यातले किती जण अशा कॉलेजांतून निघालेले असतात ते एकदा विचारून बघा. आणि ज्यांना चार वर्षांची युनिव्हर्सिटी परवडत नाही ती मुलं दोन वर्षं इथे काढून यूसीत (राज्याच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) जातात, सहा यूसी कॅम्पस तर अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची लेखी हमी देतात. (बर्कली आणि यूसीएलए त्यात नाहीत, आपल्या पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो म्हणून सांगून ठेवतो.)

आता मत कसं द्यायचं. काउंटीकडून जी मतदार पुस्तिका येते ती रद्दीत टाकू नका. बाँड असेल तर त्यात टॅक्स रेट स्टेटमेंट असतं, दर लाखामागे किती आणि शेवटचं वर्ष कोणतं ते लिहिलेलं असतं, तो आकडा तुमच्या घराच्या नोंदलेल्या किमतीशी गुणून बघा, झिलोवरच्या (घरांचे बाजारभाव दाखवणाऱ्या साइटवरच्या) किमतीशी नाही. मग कामांची यादी वाचा, ती फार मोघम असेल तर सावध व्हा. मागच्या बाँडच्या देखरेख समितीचे अहवाल कॉलेजच्या वेबसाइटवर असतात, त्या समितीत करदात्यांच्या संघटनेचा एक, ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेचा एक आणि एक विद्यार्थी असावाच लागतो. तुम्ही रिटायर्ड आहात, वेळ आहे, तर ज्येष्ठांच्या जागेसाठी अर्ज करा ना! पार्सल टॅक्स असेल तर ६५ वर्षांवरच्यांना सूट आहे का ते बघा, बऱ्याचदा असते, पण अर्ज आपण करावा लागतो.

मतदार काही भोळे नसतात, सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये तिथल्या सिटी कॉलेज या कम्युनिटी कॉलेजची मान्यताच धोक्यात आली, आणि त्याच नोव्हेंबरात लोकांनी प्रपोझिशन ए ला दोन तृतीयांशपेक्षा जास्त मतं देऊन ७९ डॉलरचा पार्सल टॅक्स लावून घेतला, २०१६ मध्ये तो ९९ करून मुदतही वाढवली. कॉलेज बुडायला आलं होतं तेव्हा गावाने हात दिला. पण २०२२ मध्ये प्रपोझिशन ओ नावाचा आणखी एक कर आला, विद्यार्थी कमी झाले होते, कारभाराबद्दल शंका होत्या, तो लोकांनी सपशेल पाडला. म्हणून लोकांना विचारलं की ते काहीही देऊन टाकतील किंवा काहीच देणार नाहीत, या दोन्ही भीत्या मला खऱ्या वाटत नाहीत.

प्रश्न : ऑस्टिनजवळ घर बघतोय. एजंट म्हणाला हे घर एसीसी टॅक्सिंग डिस्ट्रिक्टमध्ये आहे म्हणून कर थोडा जास्त, पलीकडच्या गावात नाही. कुठलं घ्यावं?

घर कुठलं घ्यावं ते आम्ही सांगणार नाही, पण एजंट म्हणतो ते बरोबर आहे. टेक्सासात पद्धत जरा वेगळी आहे, तिथे एखाद्या शाळा डिस्ट्रिक्टचे मतदार आधी हे ठरवतात की आम्ही ऑस्टिन कम्युनिटी कॉलेजच्या (एसीसीच्या) कराच्या हद्दीत यायचं की बाहेर राहायचं. आत आलात तर घरावर कॉलेजचा कर लागतो पण तुमच्या मुलांची फी एकदम उतरते, बाहेर राहिलात तर कर नाही आणि फीचा नेहमीचा दर कितीतरी पट. राउंड रॉकच्या लोकांनी २००८ मध्ये मतदान करून आत यायचं ठरवलं आणि २०१० मध्ये तिथे कॅम्पस उभा राहिला. लॉकहार्टने २०२२ मध्ये तेच केलं. मला ही पद्धत आवडते, कारण देणं आणि मिळणं एकाच बॅलटवर समोरासमोर दिसतं. पण ज्या गावाने नाही म्हटलं तिथल्या गरीब घरातल्या मुलाचं काय? त्याला तर मतही नव्हतं, आणि फीचा नेहमीचा दर त्याच्यासाठी जास्त. घर घेताना मुलं दहावी-बारावीच्या जवळ असतील तर फी आणि कर दोन्हींची बेरीज करून बघा, नुसता कर बघू नका.

प्रश्न : मी पुण्याची. मिळकतकराच्या बिलात शिक्षण कर असतो. तो कुठे जातो? आपल्याकडे असं मतदान का नाही होत?

तो राज्याचा कर आहे ताई, १९६२ च्या कायद्याने आलेला, महापालिका फक्त गोळा करते आणि राज्याकडे भरते. त्यामुळे तुमच्या वॉर्डातल्या कॉलेजशी त्याचा थेट धागा जोडता येत नाही, आणि तो वाढवावा का, कुणासाठी वापरावा, हे तुम्हाला कोणी विचारत नाही.

लोकांना थेट विचारायची सवय आपल्याला नाही असं मात्र नाही. गावातलं दारूचं दुकान राहावं की जावं यावर बायकांनी मतदान करून बाटली आडवी केलीय, कितीतरी ठिकाणी. आणि गावाने शिक्षणासाठी वर्गणी द्यायची परंपरा तर आपली जुनीच, कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत काढली तेव्हा घराघरातून मूठमूठ धान्य गोळा होऊन मुलांची वसतिगृहं चालली. फरक एवढाच की ती वर्गणी स्वखुशीची होती, तिला कायद्याची मुदत, ऑडिट, देखरेख समिती असं काही नव्हतं.

उद्या एखाद्या नगरपालिकेने आयटीआयच्या वर्कशॉपसाठी पाच वर्षांचा छोटा कर लोकांच्या मतदानावर टाकायचा म्हटलं तर आजच्या कायद्यात त्याला वाट नाही, आधी विधानसभेला कायदा बदलावा लागेल. तोवर निदान एवढं करा, महापालिकेत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून गेल्या वर्षी शिक्षण कर किती गोळा झाला आणि राज्याकडे किती भरला ते विचारा. उत्तर आलं तर आम्हाला पाठवा, पुढच्या अंकात छापू.