दिसायला धडधाकट, पण पान डोक्यात शिरत नाही

प्रश्न : बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना स्कूटर घसरून डोक्याला मार लागला. वर्ष झालं. सीटी स्कॅन नॉर्मल आहे, तरी अर्धा तास वाचलं की डोकं जड होतं, एकच पान तीनदा वाचावं लागतं. पूर्वी वर्गात पहिल्या पाचांत असायचो. घरचे म्हणतात, ‘दिसायला तर धडधाकट आहेस!’ कॉलेजला परत जाऊ, की शिक्षणाचा नाद सोडू?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : नाद सोडू नका. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं; धक्क्याने ताणलेल्या बारीक तंतूंची इजा बहुधा दिसत नाही. अशा इजेत अनेकदा समजशक्तीपेक्षा वेग आणि दम जास्त कमी होतो. जे आपोआप व्हायचं, त्यालाही आता लक्ष द्यावं लागतं. थकवा त्याचाच.

आधी न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी करून घ्या. त्यात स्मरण, लक्ष आणि वेग वेगवेगळे मोजतात, म्हणजे नेमकं कुठे अडतंय ते कळतं. झोप लागत नसेल, मन उदास असेल तर तेही सांगा. दोन्हींमुळे स्मरण आणखी ढासळतं आणि दोन्हींवर उपचार आहेत. फिटची (आकडीची) गोळी चालू असेल आणि तिने गुंगी येत असली, तरी ती स्वतःहून बंद करू नका.

मग आठवडाभर वहीत टिपा : ‘सकाळी 9.10, कॉस्टिंग. 9.32 ला आकडे निसटले.’ 22 मिनिटं टिकत असाल तर बैठक 15 चीच ठेवा आणि मध्ये 10 मिनिटं मोबाइलशिवाय पडून राहा. बहुतेकांचं इथेच फसतं : बरं वाटलं म्हणून चार तास बसायचं आणि पुढचे दोन दिवस आडवं व्हायचं. पान तीनदा वाचण्यापेक्षा एकदा वाचून पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा, मग राहिलेलं बघा.

पहिल्या पाचांतला मुलगा हे माप आता धरलंत, तर रोज हरल्यासारखं वाटेल. तुलना मागच्या महिन्याच्या वहीशी करा. घरच्यांनाही तीच दाखवा. ‘थकलो’ म्हटलेलं पटत नाही, 9.32 पटतं.

या सेमिस्टरला कमी विषय घेता येतील का, हे कॉलेजात विचारा. रोजचे वर्ग झेपले नाहीत तर इग्नू या मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक ठरलं, तर लेखी परीक्षेसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ आहे; तीन तासांच्या पेपरला एक तास. त्याचा अर्ज, प्रमाणपत्र आणि तपासणीचा अहवाल परीक्षेच्या फॉर्मसोबतच द्या आणि पोचपावती घ्या. हॉल तिकीट हातात आल्यावर धावपळ केली तर सहसा उशीर झालेला असतो.