सुट्टीचा एक दिवस : पाळणे, पाणी आणि घरची माणसं

मेच्या सुट्टीचे बेत ठरू लागले की पत्रांतून एकच विचारणा येते, ‘सगळ्यात चांगलं पार्क कुठलं?’ पार्क तेच असलं तरी जाणारं घर प्रत्येक वेळी वेगळं असतं, म्हणून नुसतं नाव सांगून भागत नाही. पाळण्यांची आणि पाण्याच्या पार्कांची सुरक्षा तपासणं हे माझं काम. त्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात लवकर थकणाऱ्या माणसाकडे पाहून पार्क निवडा, आणि तिथं पोचलात की आधी राईड चालवणाऱ्या माणसाकडे नीट बघा. यावेळची उत्तरं वाचताना हे मत जागोजागी दिसेल.

मुलगी चार वर्षांची, मुलगा तेरा वर्षांचा, सासूबाईंचे गुडघे दुखतात. एका दिवसात सगळ्यांना आनंद होईल असं गोव्यात काय आहे? (एक आई, फोंडा)

ताई, गोव्यात मोठ्या रोलर कोस्टरचं पार्क नाही. जे आहे ते मुख्यतः पाण्याचं. उत्तरेत हणजूणचं स्प्लॅशडाउन, दक्षिणेत सासष्टीतलं फ्रॉगीलँड. फोंड्याहून सासष्टी जवळ पडते, आणि चार वर्षांचं मूल बरोबर असताना गाडीतला वेळ वाचणं ही मोठी गोष्ट आहे. परतीच्या वाटेवर ते मूल ओल्या केसांनी, भुकेलं आणि झोपेला आलेलं असतं.

निघण्यापूर्वी पार्कला फोन करा आणि किती स्लाइड आहेत हे विचारण्याऐवजी आजीबद्दल विचारा. पाण्यात न उतरणाऱ्यांना वेगळं, कमी दराचं तिकीट आहे का? सावलीत पाठ टेकून बसायला खुर्ची मिळते का? तिथून मुलांचा तलाव दिसतो का? स्वच्छतागृहापर्यंत किती पायऱ्या आहेत, वाटेतली फरशी निसरडी आहे का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला ओल्या फरशीची भीती पाण्याहून जास्त असते. या प्रश्नांना फोनवर नीट उत्तरं देणारं पार्क बाकीच्या बाबतीतही सहसा नीट असतं.

आता मुलांचं. मोठ्या स्लाइडवर कुणाला सोडायचं हे वयापेक्षा उंचीवर ठरतं, आणि बऱ्याच पार्कांत तिकीटही उंचीवरच असतं. म्हणून घरी भिंतीला टेकवून दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून घ्या. दारातल्या उंचीच्या पट्टीशी मुलगा दोन बोटं कमी पडला आणि दिवसभर तोंड पाडून बसला, असं होऊ नये. हे घरीच कळलं तर त्याची समजूतही घरीच घालता येते. मुलगी मात्र उथळ तलावातच राहणार, आणि तिच्यापासून हाताच्या अंतरावर सतत एक मोठं माणूस हवं. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्यात गेलं की आवाज फुटतच नाही, आणि गुडघाभर पाण्यातही हे घडतं. दंडाला लावायचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांवर विसंबू नका. तुम्ही आणि तुमचे यजमान पाळी ठरवून घ्या. ‘आता तू बघ’ असं तोंडाने सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. दोघंही बघताहेत असं दोघांनाही वाटतं तेव्हा कुणीच बघत नसतं.

पार्क उघडताच आत जा आणि तीनच्या सुमारास निघा. तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल करायला संध्याकाळपर्यंत थांबलेली घरं मी पाहतो. शेवटच्या दोन तासांत मुलं रडतात, मोठी माणसं चिडतात, आणि घसरून पडण्याचे प्रकार थकलेल्या पायांनीच जास्त होतात. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तमच.

सासूबाईंना पार्क मुळीच नको असेल तर ओढत नेऊ नका. बोंडल्याचं प्राणिसंग्रहालय फोंड्याहून जवळ आहे, सावली भरपूर आहे. गुरुवारी ते बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. मिरामारचं विज्ञान केंद्रही नातवंडांबरोबर आजीला आवडेल असं आहे. एक दिवस तिच्या जोडीने आणि एक दिवस पाण्यात, असं वाटून घेणं मला जास्त पटतं.

मागच्या वर्षी वॉटर पार्कहून आल्यावर मुलाचे डोळे लाल झाले. पाण्याला क्लोरिनचा उग्र वास होता. म्हणजे पाणी चांगलं स्वच्छ केलेलं होतं ना? (एक वडील, म्हापसा)

उलट. हा गैरसमज जवळजवळ प्रत्येक घरात आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

योग्य प्रमाणात क्लोरिन असलेल्या स्वच्छ पाण्याला फारसा वास येत नाही. घाम, लघवी, अंगाला लावलेलं तेल आणि क्रीम यांच्याशी क्लोरिनचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाची द्रव्यं तयार होतात. तो उग्र वास त्यांचा, आणि डोळ्यांची चुरचुरही मुख्यतः त्यांचीच. म्हणजे वास जितका झोंबणारा, तितकी त्या पाण्यात घाण जास्त आणि जंतू मारायला मोकळं उरलेलं क्लोरिन कमी. त्या तलावात माणसं जास्त झाली होती आणि पाण्याची निगा तेवढी राखली गेली नव्हती, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

तलावाच्या पाण्यात मोकळं क्लोरिन किमान १ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे ते सांगणारा आकडा, साधारण ७.२ ते ७.८ असावा. पीएच याच्या वर गेला तर क्लोरिन असूनही त्याची ताकद घटते. काही पार्कांत हे आकडे दिवसातून अनेकदा मोजून फळ्यावर लिहितात. फळा नसेल तर विचारा. गिऱ्हाईक म्हणून तो तुमचा हक्क आहे, त्यात संकोच कसला? स्वतः करता येईल अशी एक परीक्षाही आहे. तलावाच्या सगळ्यात खोल भागाच्या तळाशी पाणी जायची जाळी असते. काठावरून ती स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर उतरू नका. गढूळ पाण्यात जंतू असतात हे एक, आणि तळाशी गेलेलं माणूस लाइफगार्डला दिसत नाही हे त्याहून गंभीर.

दुसरी बाजू आपली. उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करा, मुलांना दर तासाला लघवीला न्या. पोट बिघडलेल्या मुलाला तर त्या दिवशी नेऊच नका. जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी नेहमीच्या क्लोरिनच्या पाण्यातही आठवड्याहून जास्त जगतो. तुमच्या मुलाचा एक दिवस वाचवताना शंभर मुलं आजारी पडू शकतात.

गावच्या जत्रेत आकाशपाळणा येतो. मुलं हट्ट धरतात. बसवावं की नाही? (साखळी)

जत्रा आणि चर्चच्या फेस्तांतल्या पाळण्यांना मी सरसकट नाही म्हणणार नाही. पार्कचं तिकीट ज्यांना परवडत नाही अशा कितीतरी मुलांचा वर्षातला तो एकच पाळणा असतो. आणि कायमच्या जागी उभा केलेला पाळणा आपोआप सुरक्षित होतो असंही नाही. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ लंबकासारखा झुलणारा पाळणा मोडून दोघांचा जीव गेला, तो कायमच्या पार्कातला होता. भारतीय मानक ब्युरोचं अशा पाळण्यांच्या सुरक्षिततेसाठी मानक आहे, आयएस १५४७५. ते प्रत्यक्षात कोण किती पाळतं, हे शेवटी त्या जागेवरच दिसतं.

म्हणून तिकीट काढण्याआधी दहा मिनिटं बाजूला उभं राहून बघा. पाळण्याचे पाय कशावर आहेत? लाकडी ठोकळ्यांवर असतील तर ठोकळे सपाट आणि घट्ट बसलेले हवेत. शेतात किंवा मैदानात आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर माती खचते, त्या दिवशी बसू नका. पाळण्याची प्रत्येक खुर्ची ज्या पिनेवर लटकते तिला पिन निसटू नये म्हणून आणखी एक छोटी अडकवण असते. तिथं वाकवलेला खिळा किंवा तारेचा तुकडा दिसला तर मुलांचा हात धरून चालू लागा. ज्याने एक पिन अशी बसवली, त्याने न दिसणाऱ्या पिना कशा बसवल्या असतील?

मग चालवणाऱ्याकडे बघा. चांगला माणूस गिऱ्हाईक येतील तसं एका बाजूने भरत जात नाही. समोरासमोरच्या खुर्च्या भरत चाकाचं वजन सांभाळतो. प्रत्येक खुर्चीचा दांडा स्वतः ओढून पाहतो. लहान मुलाला एकट्याने बसवत नाही, वारा सुटला की थांबवतो. जो फोनवर बोलत कळ दाबतो किंवा पोरांच्या ओरडण्याने चेव येऊन वेग वाढवतो, त्याच्या पाळण्यात माझ्या घरचं कुणी बसणार नाही.

मांडीवर येणाऱ्या दांड्याची एक गोष्ट फार थोड्या पालकांना ठाऊक असते. दोघांना मिळून एकच दांडा असेल तर तो जाड माणसाच्या मांडीवर टेकून थांबतो आणि शेजारच्या बारक्या मुलासमोर वितभर मोकळी जागा उरते. वडिलांच्या शेजारी मूल सुरक्षित, असं आपण धरून चालतो. दांड्याच्या हिशेबाने मात्र तेच मूल सगळ्यात सैल बसलेलं असतं. स्वतंत्र दांडा किंवा पट्टा नसेल तर लहान मुलाला वेगवान पाळण्यात नेऊ नका. आकाशपाळण्यासारख्या संथ चाकात नेलंत तर एक हात सतत त्याच्याभोवती ठेवा. मुलींचे लांब केस बांधा, ओढणी काढून पिशवीत ठेवा. फिरत्या भागात केस अडकून होणारे अपघात भयंकर असतात.

मुलगा पंधरा वर्षांचा. त्याला खोपोलीच्या इमॅजिका पार्कातला नायट्रो रोलर कोस्टरच हवा. गोव्याहून एवढं जाणं योग्य आहे का? (मडगाव)

त्याला खरंच कोस्टरची ओढ असेल तर जा. इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. नायट्रो सुमारे ४० मीटर उंच, वेग ताशी १०५ किलोमीटर, आणि पायाखाली फरशी नसलेला. अंग हे सगळं झेलेल अशा वयात त्याचा आनंद घ्यावा. मडगावहून रात्रीच्या कोकणकन्या गाडीने निघालात तर पहाटे पनवेल, तिथून रस्त्याने खोपोली. पण पार्क उघडायला मग चार-पाच तास उरतात, तेव्हा अंघोळीला आणि पाठ टेकायला एक खोली घ्याच. रात्रभर गाडीत जागलेलं अंग कोस्टरवर नेलं की उलट्या होतात. त्याच रात्री परतायचा बेत मला पसंत नाही.

बंगळूरचं ‘वंडरला’ पार्कही विचारात घ्या. तिथं पाण्याच्या आणि कोरड्या राईड एकाच तिकिटात होतात, आणि वास्को-यशवंतपूर गाडी रात्रीची आहे. बरोबर धाकटी भावंडं असतील तर मी बंगळूर निवडेन.

सून चार महिन्यांची गरोदर आहे. ती म्हणते, साध्या राईडमध्ये बसेन. (वास्को)

नको. वळणाऱ्या, आपटणाऱ्या किंवा अचानक थांबणाऱ्या कुठल्याच राईडमध्ये नको, स्लाइडवरही नको. उथळ, स्थिर पाण्यात पाय सोडून बसायला तिच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर तेवढं पुरे. हृदयविकार, न आवरलेला रक्तदाब, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन असणाऱ्यांनाही हेच लागू.

वॉटर पार्कात नायलॉनचेच कपडे लागतात म्हणे. माझी आई साडी सोडणार नाही, मलाही पोहण्याचा पोशाख नको वाटतो. मग जाऊच नये का? (काणकोण)

जरूर जा. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे गाळणीत अडकतात, आणि साडीचा पदर किंवा ओढणी स्लाइडच्या सांध्यात सापडली तर गळ्याशी आवळली जाऊ शकते. नियम त्यासाठी आहे. उघड्या पोशाखाची सक्ती त्यात नाही. पूर्ण बाह्यांचा नायलॉन-लायक्राचा सदरा आणि घोट्यापर्यंतची तशीच विजार, असा पोशाख बाजारात मिळतो. पार्कात भाड्याने मिळणारे कपडे धुतलेले असतातच असं नाही, तेव्हा स्वतःचे न्या. आईंनी साडीतच काठावर बसावं. मात्र ‘जरा पाय भिजवते’ म्हणून आई लाटांच्या तलावात, म्हणजे यंत्राने लाटा उठवतात त्या तलावात, उतरणार नाहीत एवढं पाहा. लाटेत भिजलेली नऊवार पायांत गुंडाळली तर चांगल्या पोहणाऱ्यालाही उभं राहता येत नाही.

लाइफगार्ड आहेत की नुसते शिट्टी घेऊन उभे आहेत, हे कसं ओळखायचं? (डिचोली)

त्यांच्या मानेकडे बघा. कामातल्या लाइफगार्डची मान सतत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरत असते. दहा सेकंदांत अडचण दिसावी आणि पुढच्या वीस सेकंदांत तिथं पोचता यावं, असा या व्यवसायातला एक मान्य दंडक आहे. म्हणजे त्याच्या वाट्याचं पाणी तेवढंच असलं पाहिजे. लाटांच्या मोठ्या तलावाला एकच माणूस, किंवा दोघं एकमेकांशी गप्पा मारताहेत, असं दिसलं तर तो तलाव सोडा. बाकी पार्क चांगलं असलं तरीही. लाटांच्या तलावात गर्दीमुळे बुडणारं माणूस सगळ्यात उशिरा दिसतं, म्हणून मुलांना मधोमध नेऊ नका, कडेला आणि उथळ बाजूला ठेवा.

पावसाळ्यात तिकीट स्वस्त असतं. जावं का? (पेडणे)

रिमझिमीत हरकत नाही. गडगडाट ऐकू आला की लगेच पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. पार्कचा माणूस ‘काही होत नाही’ म्हणाला तरी नाही. आणि स्वस्त तिकीट चुकलं म्हणून कुणी समुद्राकडे वळू नका. जून ते सप्टेंबर गोव्याच्या समुद्रात पोहायला उतरायचं नसतं.