आत ठेवलेली नळी, आणि दुसऱ्या बाजूचा खडा

प्रश्न : माझे यजमान ४६ वर्षांचे आहेत. लातूर-पुणे रात्रीची खासगी बस चालवतात. डाव्या मूत्रवाहिनीत ९ मिलिमीटरचा मुतखडा अडकला होता. पाच आठवड्यांपूर्वी दुर्बिणीतून लेसरने तो फोडला आणि आत डीजे स्टेंट नावाची नळी ठेवली. चौथ्या आठवड्यात काढायला बोलावलं होतं, पण ‘आता दुखत नाही, सीझन संपू दे’ म्हणून हे टाळतात. फेरी करून आले की लघवी लालसर होते, लघवी करताना कमरेत कळ येते. उजव्या किडनीतही खालच्या बाजूला १४ मिलिमीटरचा खडा आहे. डॉक्टर तोही दुर्बिणीने काढू म्हणतात. जाऊबाई म्हणतात, मशीनने बाहेरूनच फोडून घ्या, तोवर पानफुटीची पानं द्या. काय करावं?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, आधी नळी. उजवीकडच्या खड्याचं नंतर बघू.

लेसरनंतर मूत्रवाहिनीला सूज येते. त्या सुजेने लघवी अडू नये म्हणून ही साधारण वीतभर लांबीची, दोन्ही टोकांना वेटोळं असलेली मऊ नळी ठेवतात. एक वेटोळं किडनीत, दुसरं मूत्राशयात. बसच्या हादऱ्यांनी खालचं टोक मूत्राशयाला घासतं, म्हणून लघवी लालसर होते. कमरेतली कळही नळीचीच. मूत्राशयातून लघवी उलटी वर जाऊ नये अशी सोय शरीरात असते, नळीमुळे ती उघडी राहते आणि जोर केला की लघवी किडनीकडे चढते. यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र काढू नका.

दुखत नाही म्हणून नळी विसरलेले पेशंट आम्हा यूरोलॉजिस्टना नेहमी भेटतात. ज्याच्या अंगात खडे होतात त्याच्या नळीवरही क्षार बसतात. तीन महिने उलटले की हा धोका वाढत जातो. मग पाच-दहा मिनिटांत, भूल न देता, नुसती जेली लावून निघणारी नळी काढायला पुन्हा लेसर, कधी पाठीतून छिद्रसुद्धा लागतं. यजमानांना हे माझ्या नावाने वाचून दाखवा. त्या एका रात्रीची फेरी दुसऱ्या चालकाला द्यावी. नंतर दोनेक दिवस जळजळ होईल, तेवढंच.

आता जाऊबाईंचं मशीन. बाहेरून धक्कालहरींनी खडा फोडण्याची ही पद्धत माणसावर पहिल्यांदा म्युनिकमध्ये १९८० साली वापरली गेली, आणि ती आजही चांगली आहे. पण किडनीच्या खालच्या कप्प्यातला खडा फुटला तरी चुऱ्याला बाहेर पडायला वर चढावं लागतं. बराचसा चुरा तिथेच बसतो. सीटी स्कॅनमध्ये खडा कठीण दिसला, तर नीट फुटतही नाही. १४ मिलिमीटरला मी वाकणारी दुर्बीण सुचवेन. ती लघवीच्या वाटेने जाते, काप नाही. दोन सेंटिमीटरच्या वरचा असता, तर पाठीतून छिद्र पाडून काढा म्हटलं असतं. हा खडा आज दुखत नसला, तरी रात्री घाटात कळ आली तर मागे पन्नास माणसं बसलेली असतात. चालकाच्या बाबतीत मी ‘थांबून बघू’ म्हणत नाही. हे ऑपरेशन आठ-दहा दिवसांत होणार असेल, तर डावी नळी त्याच भुलीत काढता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तारीख लांबत असेल, तर नळी आधीच काढून घ्या.

पानफुटीने १४ मिलिमीटरचा खडा जाणार नाही. पाणी मात्र हवंच, दिवसाकाठी अडीच लिटर लघवी होईल इतकं. रात्रभर गाडी थांबवावी लागू नये म्हणून चालक पाणी तोडतात, आणि खडे तिथूनच सुरू होतात. जेवणातलं मीठ कमी करा, दूध बंद करू नका. दुर्बिणीआधी लघवीचं कल्चर करून घ्या. जंतू सापडले, तर आधी अँटिबायोटिक, मग ऑपरेशन.