तयार गाडी घ्यावी की खोक्यातली?

प्रश्न : नमस्कार. मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो, एका खत कंपनीतून गेल्या वर्षी रिटायर झालो. जुनी टू-सीटर घ्यायची हौस कॉलेजपासूनची, आता जमेल असं वाटतंय. दोन एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीच्या जुन्या इंग्लिश उघड्या स्पोर्ट्स गाड्या, बघितल्यात, दोन्ही क्रोम बंपरवाल्या. एक मुंबईत, 1970 ची, लाल, पूर्ण तयार, मालक 22 लाखांच्या खाली येत नाही. दुसरी अहमदाबादला, 1966 ची, 6 लाख, पण सगळी सुट्टी आहे, बॉडी शेडमध्ये, इंजिन पोत्यावर, बाकीचं खोक्यांमधे, आणि मूळ मालक वारले, आता मुलगा विकतोय. आमचे चिरंजीव कलाभवनचे (इथलं इंजिनियरिंग कॉलेज) मेकॅनिकल इंजिनियर, त्यांचं म्हणणं दुसरीच घ्या, मकरपुऱ्यात मित्राचं मशीन शॉप आहे, 6 चे 12 झाले तरी 10 लाख वाचले. सौ. म्हणते पार्किंगमधे खोकी दिसली तर मी माहेरी जाईन. काय करावं?

उत्तर : काका, सौभाग्यवतींच्या बाजूनं आहे मी, पण कारणं वेगळी आहेत, ती ऐका.

चिरंजीवांचा सगळा हिशोब इंजिनावर बसलाय असं दिसतं. इंजिनियर लोकांचं हे होतंच, त्यांना जे करता येतं तेच काम मोठं वाटतं. एमजीबीचं इंजिन ही या गाडीतली सगळ्यात सोपी गोष्ट आहे हो. 1798 सीसीचं बी-सिरीज, म्हणजे आपल्या अँबॅसिडरमधे जे 1489 सीसीचं इंजिन वर्षानुवर्षं होतं त्याच घराण्यातलं, थोरला भाऊ म्हणा. पार्ट जसेच्या तसे एकमेकांना लागतील असं नाही, पण बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम, हे मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, डोळे झाकून करणारी माणसं आहेत, त्यांचं अर्धं आयुष्य अँबॅसिडरवरच गेलंय. पिस्टन आणि बेअरिंग इंग्लंडहून मागवायचे, त्यावर ड्यूटी आणि कुरिअर धरायचं, झालं. हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व सीट कडक मटेरियलच्या बसवून घ्या, कारण ही गाडी शिशाच्या पेट्रोलच्या जमान्यातली, ते शिसंच सीटची झीज रोखायचं, आणि आपल्याकडे 2000 सालापासून शिसं बंद झालंय.

पैसा खातो तो पत्रा. एमजीबीला खाली वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. त्यातून रोडस्टर, म्हणजे वर छप्पर नाही, तर सगळा भार दाराखालच्या सिलवर येतो. हा सिल बाहेरून एक साधी पट्टी दिसतो पण आत अजून एक उभा पत्रा असतो आणि त्याच्या खाली एक कंगोऱ्याचं सेक्शन, तिन्ही मिळून ती ताकद असते. चिखल पुढच्या चाकाच्या मागून आत शिरतो, तिथेच बसतो, आणि आतून कुजायला सुरुवात होते, बाहेर रंगाला एक फोड येईपर्यंत आतलं अर्धं गेलेलं असतं. आपल्याकडचे पत्रावाले हाताने पत्रा ठोकण्यात उस्ताद आहेत, मडगार्ड असं काढून देतील की बघत राहाल, पण ही गाडी त्यांनी पाहिलेली नसते. त्यांनी दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापले, आणि त्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून घेतले नाहीत, तर बॉडी मधोमध बसते. जेमतेम बोटभर बसते, डोळ्याला दिसतही नाही. मग नवे सिल त्याच वाकड्या मापात वेल्ड होतात, रंग होतो, आणि शेवटी दार लावायला गेलं की वरून घासतं आणि खालून फट राहते. तेव्हा रडून उपयोग नाही. सगळं परत कापायचं. अहमदाबादची बॉडी शेडमधे कशी ठेवलीय तेही बघा, चारही टोकांना नीट टेकू आहेत की मधे दोन विटा लावून ठेवलीय.

या मॉडेलचे पार्ट मात्र मिळतात, जुन्या स्पोर्ट्स गाड्यांमधे याच्याइतके क्वचितच कुठल्या गाडीचे मिळत असतील. इंग्लंडात 1988 पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडीसुद्धा जुन्या साच्यांवर काढून विकतात. चिरंजीव हे वाचून आणून देतील तुम्हाला, म्हणतील नवीच बॉडी मागवू. नका. जहाजाचं भाडं, ड्यूटी, आणि वर आरटीओत चासी नंबरचा असा घोळ होईल की पुसता सोय नाही.

आता खोक्यांकडे या. खोकी बघताना जे आहे ते मोजू नका, जे नाही ते लिहून काढा. काचेची फ्रेम आहे का? हूडचा सांगाडा आहे का? डॅशबोर्डवरची स्मिथ्स कंपनीची मीटरं सगळी आहेत का, दारांची कुलपं, बंपरचे ब्रॅकेट, ओव्हरड्राइव्ह (वेगात पळताना लागणारा जादा गिअर) असेल तर त्याचा सोलेनॉइड, म्हणजे तो चालू करणारा विजेचा स्विच? गाडी ज्यानं खोलली तो माणूस गेला, त्यानं कुठला बोल्ट कुठल्या डबीत ठेवला ते त्याच्याबरोबर गेलं. दुसऱ्यानं खोललेली गाडी जोडणं म्हणजे निम्मा वेळ शोधण्यात जातो, आणि चिरंजीव नोकरी करतात ना? मग फक्त रविवार. दोन वर्षं म्हणत असतील तर चार धरा.

आणि पेपर. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही आहे की मूळ मालक वारले. आरसी अजून त्यांच्याच नावावर असणार. मग मुलाला आधी फॉर्म 31 भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागेल, इतर वारस असतील तर त्यांची संमती, आणि मगच तो फॉर्म 29 आणि 30 वर तुम्हाला विकू शकतो. "सही केलेले कागद देतो, तुम्ही बघून घ्या" असं म्हणाला तर चहा पिऊन उठायचं. आरसी हातात घेऊन चासी नंबर ताडून बघा, बॉनेट उघडल्यावर प्लेट दिसते, 1966 च्या गाडीचा नंबर जीएचएन3 नं सुरू व्हायला हवा. बॉडी सुट्टी आहे, त्यामुळे प्लेट बॉडीवरच आहे की एखाद्या खोक्यात पडलीय हेही बघा, खोक्यात असेल तर मला तरी ते आवडणार नाही.

म्हणून मुंबईची घ्या. पण 22 देऊन डोळे मिटून नको. "पूर्ण तयार" हा शब्द विकणाऱ्याचा आहे, तुमचा नाही, आणि चिरंजीवांची हुशारी खरी इथे वापरा, त्यांना बरोबर न्या.

रंग करायच्या आधीचे फोटो मागा. ज्यानं खरं काम केलंय त्याच्या फोनमधे उघड्या पत्र्याचे शेकडो फोटो असतात, तो न मागता दाखवतो. फोटो नाहीत म्हटलं की खिशातून लोहचुंबक काढायचं, त्याला मऊ कापड गुंडाळायचं, आणि सिलवर, मागच्या चाकाच्या पुढच्या भागात, मडगार्डच्या खालच्या टोकाला फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. मग गाडी जॅकवर घ्या, दार लावलेलं असू द्या, आणि मागच्या कडेची फट बघत राहा. गाडी उचलताना फट बदलली किंवा दार उघडायला अडलं, तर तो सिल फक्त रंगाच्या जोरावर उभा आहे. एवढं एक जरी सापडलं तरी 22 चा विषय संपला.

इंजिन थंड असतानाच चालू करून दाखवायला सांगा, तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. तासभर चालवल्यावर ऑइल प्रेशर पळताना 50 ते 80 पीएसआयच्या मधे आणि आयडलिंगला 10 ते 25 असावं. पुढच्या किंगपिनला, म्हणजे ज्यावर पुढचं चाक वळतं त्या खिळीला, ग्रीस कधी मारलं विचारा, मालक "कशाला?" म्हणाला तर समजून जा, तिथे ग्रीस भरायचे निपल आहेत आणि ते कोरडे राहिले की स्टीअरिंग जड होतं आणि किंगपिन जाम होतात. 1970 च्या गाडीचा एक फायदा म्हणजे पहिल्या गिअरलाही सिंक्रो आहे, म्हणजे चालत्या गाडीत गिअर न खरखरता पडतो, आणि ऑल्टरनेटर आहे, निगेटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली. 1966 वालीला पहिल्या गिअरला सिंक्रो नाही आणि वायरिंग पॉझिटिव्ह अर्थचं असतं, म्हणजे उलटं. रस्त्यात बंद पडली आणि कोणा परोपकारी माणसानं नेहमीसारखी जंपर केबल लावली की काय होईल ते चिरंजीवांना विचारा. एमजीबीच्या बॅटऱ्या त्या काळात 6 व्होल्टच्या दोन, सीटच्या मागे फ्लोअरखाली असायच्या, बऱ्याच लोकांनी आता एक 12 व्होल्टची बसवलीय, पण ती पेटी गंजलेली असते, तिथे हात घालून बघा. कोणी बघत नाही तिथे.

महाराष्ट्राची आरसी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी मालकाकडून काढून घ्यायची आणि गुजरातचा टॅक्स भरायचा, हा खर्च 22 च्या वर आहे हे भाव करताना लक्षात ठेवा.

चिरंजीवांना सांगा, काम संपत नसतं. तयार गाडीतही दर महिन्याला काहीतरी निघतं, एसयू कंपनीच्या कार्बोरेटरच्या डॅशपॉटमधे (वरच्या नळीत) तेल घालायचं, दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवायचे, पेट्रोल पंपाची टकटक ऐकायची. फरक एवढाच की हे करता करता गाडी पावागडपर्यंत जाऊन येते.

प्रश्न : हलोलला एमजीची फॅक्टरी आहे, मग जुन्या एमजीचे पार्ट तिथून मिळतील ना? मी कारेलीबागेत राहते, नवऱ्यानं विचारायला सांगितलंय.

उत्तर : ताई, हे मला कोणी ना कोणी विचारतंच. नाही मिळणार. जुन्या एमजी इंग्लंडात ॲबिंग्डनला बनायच्या, तो कारखाना 1980 मधे बंद झाला. हलोलवाल्या गाड्यांवर नाव आणि बिल्ला तोच आहे, बाकी काही संबंध नाही. सर्व्हिस सेंटरवाल्या पोरांना जुनी गाडी दाखवली तर सेल्फी मात्र काढतील.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची 1968 ची स्टँडर्ड हेराल्ड आहे, आरसी चालू आहे. नवीन व्हीए नंबर, म्हणजे व्हिंटेज गाड्यांचा खास नंबर, घ्यावा का? शानदार दिसतो म्हणतात.

उत्तर : आधी हे बघा की तुम्ही गाडी वापरता कशी. 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं, नवीन असेल तर फी 20,000 रुपये, 10 वर्षं चालतं, नंतर नूतनीकरण 5,000. पण मग ती गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढ्यासाठीच रस्त्यावर. तुम्ही रविवारी सुरसागरला चक्कर मारायला, मग नातवाला घेऊन कमाटीबागेत, असं चालवत असाल तर चालू आरसी हलवू नका. आणि वडिलांच्या वेळचा नंबर आहे तो ठेवा हो, तोच शानदार.

प्रश्न : ऑगस्ट 2024 च्या पुरात आमच्या सोसायटीतल्या एकांची जुनी फियाट पाण्यात होती, आता स्वस्तात देतायत. घेऊ का?

उत्तर : त्या पुरात वडोदऱ्यात कितीतरी गाड्या बुडाल्या, आता एकेक करून धुऊन पुसून बाजारात येतायत. विश्वामित्रीचं पाणी साधं नसतं, गाळ घेऊन येतं. हेडलाइट काढून त्याच्या वाटीत बोट फिरवा, डॅशबोर्डच्या मागे वायरिंगच्या जुडग्यात बघा, कार्पेट उचलून फ्लोअरच्या कोपऱ्यात. पिवळट बारीक माती मिळाली तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं, मालक काहीही म्हणो. नुसतं चाकांपर्यंत असेल तर ब्रेक, व्हील बेअरिंग आणि गिअरबॉक्स-डिफरन्शियलचं तेल बदलून घेता येईल. सीटच्या वर गेलं असेल तर वायरिंग पूर्ण नवीन टाकायचा खर्च किमतीतून वजा करा, आणि तो वजा करायला मालक तयार नसेल तर सोडून द्या, फियाट आपल्याकडे अजून मिळतात.

प्रश्न : ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवाल्या, पेट्रोलनी जुन्या गाडीचं काय होईल?

उत्तर : रबर खराब होईल. जुने पेट्रोल पाइप, डायफ्रॅम, सील हे इथेनॉलमधे फुगतात किंवा चिरतात, म्हणून सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घालून घ्या, आधी पाइप आणि मग बाकीचं, कारण गळतं ते गरम मॅनिफोल्डवर. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. आणि कव्हर घालायचं तर सुती घाला, प्लॅस्टिकच्या खाली पाणी साठतं.